जाड तेलाचा राग

जाम गावच्या चौरस्त्यावर गाड्यांच्या तेलाची पाच-सहा दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानात तेल मागितलं की मिळत नाही. डबे भिंतभर रचलेले असतात, पंखा फिरत असतो, मालक समोर बसलेला असतो. पण तुम्ही "नव्वद नंबरचं दोन लिटर द्या" म्हणालात की मालक चष्म्यावरून असं पाहतो, जणू तुम्ही औषधाच्या दुकानात शिरून "पिवळ्या गोळ्या पावशेर द्या" म्हणालात. मग विचारतो, "कोनासाठी?"

"गाडीसाठी."

"गाडीचं नंतर पाहू. चालवते कोन?"

हे श्यामरावजी वैरागडे. वय अडुसष्ट, अंगानं काडी, आवाजानं जिनिंगचा भोंगा. ही नुसती उपमा नाही. त्यांची उमर खरंच सिंदीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रांना तेल घालण्यात गेली. जिनिंग बंद पडल्यावर जामला येऊन त्यांनी हे दुकान टाकलं, आणि तेव्हापासून त्यांचं आणि गिऱ्हाइकाचं पटलेलं नाही.

त्यांचं भांडण एकाच गोष्टीशी आहे: जाड तेल. आपल्याकडे ट्रकवाल्यापासून ट्रॅक्टरवाल्यापर्यंत सगळ्यांची अशी श्रद्धा आहे की तेल जितकं जाड तितकं यंत्राला मानवतं. हे कोणी बोललं की वैरागडेजींच्या कानाची पाळी लाल होते. एकदा मी समोर असताना एका डंपरवाल्याला त्यांनी दुकानाच्या पायरीवरून सुनावलं, "वरन जाड पायजे, कापड जाड पायजे, नवरदेवाच्या गयातली चैन जाड पायजे, अन् आता तेलबी जाड पायजे. बुद्धी तेवढी पातय चालते तुमाले." डंपरवाला शेजारच्या दुकानात गेला. वैरागडेजींना त्याचं काही वाटलं नाही. वाईट त्यांना डंपरचं वाटलं.

दुकानाच्या दारात त्यांनी खिडकीच्या काचेचा एक तुकडा तिरपा उभा करून ठेवलाय. त्यावर वरच्या कडेला दोन-तीन तेलांचे थेंब सोडायचे आणि कोणता खाली आधी पोचतो ते पाहायचं. सकाळी आठला एकदा, दुपारी दोनला एकदा. जानेवारीत एकदा, मे महिन्यात एकदा. त्यांचं म्हणणं, तेल हा एकच माणूस नसतो. पहाटेचा वेगळा, दुपारचा वेगळा. पहाटे जे तेल रांगत असतं ते मे महिन्याच्या दुपारी पळत सुटतं, आणि डब्यावरचा नंबर म्हणजे त्याच्या दोन्ही वेळच्या स्वभावाचा दाखला.

माणसंही ते याच मापानं मोजतात. बँकेतला एक क्याशियर एकशेचाळीस, "हिवाळ्यात तर जमूनच जाते." धाकटा जावई पाण्यासारखा, "समजावून सांगा तं वाहून जाते, हाती काई लागत नाई." मी एकदा लाडात येऊन विचारलं की माझा नंबर काय. त्यांनी मला नीट निरखलं आणि म्हणाले, "तुम्ही भेसय."

आता या भेसळीची हकिगत.

माझं सिंदीला कापडाचं दुकान आहे. बावन्नाव्या वर्षी मला वेग लागला. नागपूरच्या एका मणक्याच्या डॉक्टरांकडून मी जुनी, लाल, शर्यतीच्या वळणाची गाडी घेतली. दारं चार, पण स्वभाव दोन दारांचा. पुढच्या दोन सीटा खोलगट, दोन्ही बाजूंनी उंच कडा असलेल्या; माणूस बसला की परातीत बसल्यासारखा दिसतो. ताकद सगळी मागच्या चाकांना. डॉक्टर म्हणाले, त्यांची पाठ धरते म्हणून विकताहेत. पाठीच्या डॉक्टरांची पाठ धरणारी गाडी आपण का घ्यावी, हा प्रश्न मला पडला नाही. बायकोला पडला.

गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं होतं. कोणतं तेल कुठे, किती, सगळं त्यात होतं. पुस्तक उत्तम कागदाचं आणि अगदी नेमक्या जाडीचं निघालं. आमच्या दुकानातलं कापड मोजायचं टेबल डगमगत होतं, ते त्यामुळे थांबलं.

मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. इंजिनाची ताकद तिथे येऊन दोन चाकांत वाटली जाते. इंग्रजीत त्याला डिफरेन्शियल म्हणतात, वैरागडेजी 'गोया' म्हणतात. त्यातलं तेल बदलावं असं माझ्या मनात आलं. पुस्तक टेबलाखाली होतं. म्हणून मी जामच्या एका चहाच्या टपरीवर एका ट्रक ड्रायव्हरला विचारलं. त्याच्या ट्रकला अठरा चाकं होती, माझ्या गाडीला चार. तेव्हा त्याचं ज्ञान माझ्या साडेचार पट, असा मी हिशेब केला. तो म्हणाला, इधर की गर्मी में एक सौ चालीस डालो, आँख मूँद के. मी डोळे मिटून घातलं. शाळेत नव्वद मार्कवाल्यापेक्षा एकशेचाळीस मार्कवाला हुशारच असणार, एवढंच माझं शास्त्र.

आठवड्याच्या आत गाडी वळणावर कण्हायला लागली. सरळ रस्त्यावर गुणी. स्टेअरिंग वळवलं की मागून घर्र-घर्र, मग ठक, मग सगळं अंग झटका देऊन हलायचं. सिंदीच्या बाजारातून वळलो की भाजीवाल्या बाया मान वर करून पाहायच्या. त्यासाठीच गाडी घेतली होती, पण हे पाहणं वेगळं होतं. बायको एकदा मागे वळून म्हणाली, "मांगं कोनी बसून राह्यलं काय?"

म्हणून मी वैरागडेजींकडे गेलो, आणि आत्मविश्वासानं गेलो. डब्यावरच्या आकड्यांमधला डब्ल्यू म्हणजे वेट, वजन, असंही मी त्यांना सांगितलं.

त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. मग मला बाकावर बसवून त्यांनी जे बोलायला सुरुवात केली त्याचा गोषवारा असा: डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पंच्याहत्तर-डब्ल्यू-नव्वद म्हणजे थंडीत पंच्याहत्तरसारखं वाहणारं आणि तापल्यावर नव्वदसारखं टिकणारं. इंजिनाच्या तेलाचा चाळीस आणि गोळ्याच्या तेलाचा नव्वद हे एका पट्टीवरचे आकडेच नव्हेत. मोजायला बसलं तर दोघं जवळपास सारखे जाड निघतात. "तुम्ही कापडवाले," ते म्हणाले, "गज कोनता अन् मीटर कोनता तुमाले समजत नाई? गिऱ्हाइकानं पाच गज मांगतलं तं पाच मीटर फाडता काय?" मी म्हणालो, नाही, तोटा होईल. "मंग गाडीच्या तोट्याचं काऊन नाई समजत?"

त्यानंतर परीक्षा झाली. गाडी कुठे चालवता. किती वेगानं. सलग किती वेळ. डोंगर किती. मी छाती काढून सांगितलं की शर्यतीची गाडी आहे, तेव्हा वेगानंच. त्यांनी फक्त विचारलं, मागच्या महिन्यात कुठं कुठं गेलते. मी आठवलं. सिंदी ते वर्धा, साडीच्या गठ्ठ्यांसाठी. सिंदी ते सेलू, मेहुण्याकडे तेरवीला. बायको शेजारी, काटा साठवर. वैरागडेजी शांतपणे म्हणाले, "गाडी रेसची हाय. तुम्ही नाई."

अपमान इतका अचूक होता की मला राग यायलाही वेळ लागला.

मग त्यांनी मला गोळा समजावून सांगितला, आणि तो इतका चांगला सांगितला की मी तो आजतागायत विसरलो नाही. वखर धरून धुऱ्यापाशी, म्हणजे शेताच्या बांधापाशी, बैलजोडी वळवायची म्हटली की बाहेरचा बैल लांब चालतो आणि आतला जवळजवळ जागच्या जागी पावलं टाकतो. दोघांना सारखं चालवलं तर वळण होणारच नाही. गोळा हेच करतो. बाहेरच्या चाकाला जास्त फिरू देतो, आतल्याला कमी. पण वेगाच्या गाडीत आणखी एक भानगड असते. एक चाक चिखलात फिरत सुटलं तर सगळी ताकद तिकडे वाहून जाऊ नये म्हणून आत पातळ चकत्यांची एक जोडणी घातलेली असते, ती दोघांना जरा धरून ठेवते. या चकत्यांना वळणावर एकमेकींवरून अलगद सरकावं लागतं. "तुम्ही त्याच्यात काय टाकलं? चिकट, जाडं, अन् सरकाची दवाई नाई त्याच्यात. त्या चकत्या चिपकते, सुटते, चिपकते, सुटते. तुमची गाडी कन्हत नाई हो. शिव्या देऊन राह्यली."

उपाय होता. पंच्याहत्तर-नव्वद, आणि त्यात चकत्यांसाठी मिसळायची एक छोटी बाटली. रोज शर्यतीच्या मैदानात तापवणारा कोणी असता तर त्यालाच पंच्याहत्तर-एकशेचाळीस शोभलं असतं, हेही त्यांनी न्यायानं सांगितलं. "जाड तेलाशी माही दुश्मनी नाई. जाड समजुतीशी हाय."

मी म्हटलं, घ्या मग गाडी कामाला. ते उठले, गाडीपाशी गेले, आणि मागे जायच्या ऐवजी पुढचं डावं दार उघडून आत बसले.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. ते सीटच्या उंच कडांना हात लावून पाहत होते. एकदा डाव्या अंगावर पूर्ण सैल पडले. मान टाकली. मग उजवीकडे. मला वाटलं, म्हाताऱ्यालाही वेग लागला. मी कौतुकानं सांगितलं की ही सीट खास वळणावर माणूस सांडू नये म्हणून अशी केलेली असते. ते आतूनच म्हणाले, "तेच पाहून राह्यलो."

आणि मग, माझ्याकडे न बघता, त्यांनी सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, लकवा मारला. डावं अंग गेलं. बोलणं अर्धं परत आलं, अंग आलं नाही. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत त्या असतात, हे मला ठाऊक होतं. तेवढंच ठाऊक होतं. काकूंचं माहेर नाचणगाव. तिथे त्यांची आई अजून आहे, नव्वदीच्या पुढची, आणि गेल्या काही आठवड्यांपासून तिनं जेवण जवळजवळ सोडलंय. रोज फोनवर एकच विचारते, कुसुम कधी येते. एसटीची पायरी काकूंना चढवत नाही, जीपची तर नाहीच. एकदा भाड्याची मोठी गाडी केली होती. देवळीच्या अलीकडे एका वळणावर काकू डाव्या बाजूला कोसळल्या आणि दाराची कड गालाला लागली. तिथूनच परत आले. त्या दिवसापासून काकूच नाही म्हणतात.

"तुमची सीट तिले धरते," वैरागडेजी म्हणाले. "पन ही गाडी वयनावर असे झटके देईन तं मी तिले बसवत नाई. गोया पहिले."

मी गाडीची किल्ली त्यांच्या हातात दिली.

जुनं तेल काढलं तेव्हा ते दोन बोटांत चोळून त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते लिहिण्यासारखं नाही. नवं तेल त्यांनी स्वतः भरलं. बाटली, नळी, झाकण, सगळं मला न शिवू देता. पण एवढ्यानं भागत नाही. नवं तेल चकत्यांच्या आत शिरायला गाडी अगदी हळू, इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवावी लागते. डावीकडे गोल, उजवीकडे गोल, पुन्हा डावीकडे.

त्यासाठी जामच्या बाजाराचं मैदान रिकामं होतं. म्हणजे आम्ही गेलो तेव्हा होतं. लाल शर्यतीची गाडी बैलगाडीच्या चालीनं आठ काढतेय हे पाहिल्यावर पाचव्या फेरीला चार माणसं झाली, दहाव्या फेरीला पंधरा. एकानं मोठ्यानं विचारलं की लायसनची परीक्षा इथे व्हायला लागली काय. दुसरा म्हणाला, नापास होऊन राह्यले वाटते, पुन्हा पुन्हा काढाले लावून राह्यला मास्तर. मी काच वर केली. वैरागडेजींनी खाली करायला लावली, आवाज ऐकू आला पाहिजे म्हणून.

ते डाव्या सीटवर डोळे मिटून बसले होते. मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी, उजव्या हातानं धरलेली. डावा हात त्यांनी सीटच्या बाहेर लोंबकळत सोडला होता, मेल्यासारखा. उजव्या वळणावर त्यांचं अंग डावीकडे जायचं, सीटची कड त्याला झेलायची, आणि ते पुटपुटायचे, हळू, अजून हळू. पहिल्या सहा फेऱ्यांत वाटीतलं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं. मग घर्र-घर्र विरळ झालं. विसाव्या फेरीला गाडी अशी वळली की मलाच मागे पाहावंसं वाटलं, गोळा पडला की काय.

वाटीत उरलेलं पाणी तसंच राहिलं. वैरागडेजींनी डोळे उघडले, ते पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाले, उद्या सकायी आठले येजो.

काकूंना समजावणं गोळ्यापेक्षा कठीण गेलं. त्या पलंगावर बसून मान हलवत होत्या. नाही. वैरागडेजी त्यांच्यावरच तापले. दोन माणसांनी काल बाजारात हसं करून घेतलं ते काय गंमत म्हणून, असं काहीसं बोलले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो काकू, लोकांना वाटलं मी लायसनला नापास झालो. त्यांच्या तोंडाची उजवी बाजू हसली. मग त्यांनी उजवा हात पुढे केला.

जाम ते वर्धा, वर्ध्याहून देवळी, देवळीहून पुलगावकडे. मी आयुष्यात वेगवान गाडी इतकी हळू चालवली नसेल. मागच्या सीटवरून वैरागडेजी दर वळणाच्या आधी माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवायचे, आणि माझा काटा तीसच्या खाली यायचा. एका ट्रॅक्टरनं आम्हाला मागे टाकलं. त्यावरचा माणूस वळून हसला. देवळीच्या अलीकडच्या त्या वळणावर काकूंनी डोळे घट्ट मिटले. गाडी वळली. सीटच्या कडेनं त्यांना धरलं. डोळे उघडले तेव्हा रस्ता सरळ झाला होता, आणि काकू खिडकीबाहेरच्या कपाशीकडे बघत काहीतरी म्हणाल्या. मला कळलं नाही. वैरागडेजींना कळलं. ते म्हणाले, "हो, पराटी यंदा बरी हाय इकडं."

नाचणगावला म्हातारी खाटेवर उशीला टेकून बसलेली होती. मायलेकींचं काय झालं ते मी लिहीत नाही. मी तेव्हा अंगणात गाडीच्या चाकाकडे फार बारकाईनं पाहत होतो.

मग काकूंच्या भावजयीनं चहा आणला. सगळ्यांना कप. वैरागडेजी लगेच उठले आणि काकूंच्या पुढचा कप त्यांनी उचलून घेतला. पातळ काही त्यांच्या घशात गेलं की ठसका लागतो, श्वासनळीत उतरतं. फार घट्ट असलं तर गिळवत नाही. दवाखान्यात सांगितलं होतं, पिण्याचं सगळं जरा घट्टसर करून द्या. हे सांगताना त्यांचा आवाज चढला. घट्टसर म्हणजे किती, हे त्यांनी डॉक्टरला विचारलं होतं, आणि डॉक्टर म्हणाला, अंदाजानं. "अंदाजानं. तिच्या घशात अंदाजानं टाकू काय?" भावजय बिचारी ट्रे धरून उभी. खिशातून भुकटीची डबी काढून त्यांनी चहात थोडी थोडी मिसळली, चमचा तिरपा केला, धार पाहिली. आणखी चिमूटभर. पुन्हा चमचा तिरपा. आता चहा चमच्यावरून सावकाश, मधासारखा उतरला. पहिला चमचा त्यांनी काकूंच्या तोंडाशी नेला. काकूंनी गिळला. सगळं घर थांबलं होतं. ठसका आला नाही.

मग वैरागडेजींनी आपला कप ओढला आणि त्यातही तीच भुकटी घातली. ढवळली. चहाचा लगदा झाला. भावजय न राहवून म्हणाली, "भाऊजी, तुमाले काय झालं?"

"मले काय होते?" ते तिच्यावर खेकसले. "तिले एक कप प्याले पंधरा मिंटं लागते. मी दोन घोटात उरकून तिच्या तोंडाकडं पाहत बसू काय?"

आणि ते बसले. एक चमचा तिला, एक चमचा स्वतःला. चवीला भिकार लागतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि त्याबद्दल ते भुकटी बनवणाऱ्या कंपनीला हळू आवाजात शिव्या देत होते. काकू गिळायच्या, थांबायच्या, त्यांच्याकडे बघायच्या. खाटेवरून म्हातारी दोघांकडे बघत होती. थोड्या वेळानं तिनं भावजयीला खूण केली आणि चहा मागितला.

माझा चहा केव्हाच संपला होता. कप खाली ठेवावासा वाटेना. रिकामा कप ओठाला लावून मी मधून मधून घोट घेतल्यासारखं करत बसलो.